सूर्यप्रकाशातील एक पिवळी रेघ



सूर्याविषयी बोलावयाचे म्हणजे आरंभ कोठून करावा, हाच पहिला प्रश्न पडतो. त्याच्या उदयास्तांवर माणसाने आपला दिवस बेतला, त्याच्या अयनांवर आपले सण आणि पेरण्या ठरविल्या. त्याला अर्घ्य दिले, त्याची मंदिरे उभारली, राजांनी आपले कुळ त्याच्याशी नेऊन जोडले. परंतु मौज अशी की, ज्याला आपण रोज पाहतो तो सूर्य कशाचा बनलेला आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील कोणाही विद्वानास सांगता येत नव्हते. इतकेच नव्हे, तर ते कधीकाळी कळेल अशी आशाही पुष्कळांना नव्हती. ऑग्युस्त काँत ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १८३५ साली असे प्रतिपादन केले होते की, आकाशस्थ गोलांचे आकार, अंतरे आणि गती आपण मोजू शकू. परंतु त्यांचे द्रव्य कोणते, हे आपणांस कोणत्याही उपायाने जाणता यावयाचे नाही. त्याचे म्हणणे त्या काळी अवाजवी नव्हते. सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या अग्निगोलातून मूठभर माती कोण आणणार?

ती माती कोणी आणली नाही. तरी उत्तर मात्र मिळाले. ते कसे मिळाले, आणि त्या उत्तराच्या कडेला उरलेल्या एका न जुळणाऱ्या रेघेने सूर्याचे केवढे मोठे गुपित उघड केले, ती हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. ह्या हकीकतीचा महत्त्वाचा भाग आपल्याच देशात घडला, हे तिचे आणखी एक अगत्य.

लोलकातून सूर्यकिरण जाऊ दिला की त्याचा सप्तरंगी पट्टा पडतो, हे आपण शाळेत पाहिलेले असते. ह्यालाच वर्णपट म्हणतात. जर्मनीतील फ्राउनहोफर नावाच्या कुशल काचकारागिराने १८१४ साली हा वर्णपट बारकाईने न्याहाळला, तेव्हा त्या रंगांच्या पट्ट्यात त्याला शेकडो बारीक काळ्या रेघा दिसल्या. त्याने त्यांच्या जागा मोजल्या, ठळक रेघांना अक्षरे दिली आणि त्यांचा नकाशा तयार केला. त्या कशामुळे पडतात, हे त्याला उमगले नाही. पुढे १८५९ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन ह्या दोघा प्राध्यापकांनी त्या रेघांची लिपी वाचली. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले की ते स्वतःच्या ठरावीक रंगरेघांनीच प्रकाशते. आणि तेच द्रव्य प्रखर प्रकाशाच्या वाटेत आडवे आले, तर नेमक्या त्याच रेघा ते गिळून टाकते व तेथे काळोख उरतो. चुलीवरच्या भाताचे खारट पाणी उतू जाऊन जाळात पडले की ज्योत क्षणभर पिवळी होते. ती पिवळी झाक मिठातील सोडियमची. वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा अगदी लगटून असतात. फ्राउनहोफरने त्यांना 'डी' हे अक्षर दिले होते. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या तेथेच काळ्या रेघा आहेत. तेव्हा सूर्यावर सोडियम आहे. लोहाच्या रेघा जुळल्या; तेव्हा तेथे लोह आहे. काँत १८५७ साली वारला आणि दोनच वर्षांत त्याचे 'कधीच नाही' हे शब्द खोटे ठरले.

तरीही सूर्याच्या कडेचा एक भाग अज्ञातच राहिला. खग्रास ग्रहणात चंद्रबिंबाच्या काठाशी तांबूस ज्वाला उसळलेल्या दिसतात. ह्या ज्वाला सूर्याच्या की चंद्राच्या, हा वाद १८६० च्या ग्रहणात घेतलेल्या छायाचित्रांनी मिटला होता. त्या सूर्याच्याच होत्या. परंतु त्या कशाच्या, हे वर्णपटाशिवाय कळणार नव्हते. आणि वर्णपट पाहावयाचा, तर ग्रहणाची ती मोजकी मिनिटेच हाती असत. म्हणून १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाकडे साऱ्या जगाचे डोळे लागले. हे ग्रहण असाधारण लांबीचे होते. जेथे ते सर्वांत अधिक टिकले, तेथे खग्रास अवस्था पावणेसात मिनिटांच्या वर होती. छायेची वाट एडनकडून निघून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत होती, दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरत होती आणि पुढे सयामकडे जात होती.

त्या वाटेवर ठिकठिकाणी दुर्बिणी रोवल्या गेल्या. गुंटूर येथे मेजर टेनंट ह्याची तुकडी होती आणि त्याच गावी फ्रान्सहून आलेला ज्यूल जान्सेन होता. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन होता. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल हा तळ देऊन बसला होता. युरेनस शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. भर पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे जमखिंडीला ढगांनी त्याची चांगलीच परीक्षा पाहिली. मधूनमधून आभाळ फाटले, तेवढ्यात त्याने आपले काम साधले. निजामच्या मुलखात वनपर्ती येथे मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी हे निरीक्षणास बसले होते. त्यांनी आदल्याच वर्षी एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला होता, आणि १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. जुन्या पंचांगांतील गणित आकाशाशी पडताळून सुधारावे, हा त्यांचा ध्यास होता. त्याच सुमारास महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे हेही त्याच खटाटोपात होते, हे आपणांस स्मरत असेलच.

आणि दूर सयामात राजा मोंगकुट होता. ह्या राजाने पाश्चात्त्य ज्योतिर्गणिताचा अभ्यास करून ग्रहणाची वेळ व जागा स्वतः काढली होती. आपल्या प्रजेला व परकीय पाहुण्यांना ती पडताळून दाखवावी, म्हणून तो वाको येथील दलदलीच्या रानात दरबारासह जाऊन राहिला. गणित अचूक ठरले. परंतु त्या रानातील हिवतापाने त्याला गाठले आणि १ ऑक्टोबर १८६८ रोजी त्याचे देहावसान झाले. राहू सूर्याला गिळतो ह्या भयावर ज्याने मात केली, त्याला अखेर एका डासाने जिंकले. ज्ञानाची किंमत कधी कधी अशीही मोजावी लागते.

गुंटूरला त्या दिवशी सकाळी आकाश मोकळे झाले. सूर्यबिंब झाकले गेले, ज्वाला उसळलेल्या दिसल्या आणि जान्सेनने आपला वर्णपटदर्शक त्यांच्यावर रोखला. पाहतो तो काळ्या रेघांऐवजी लखलखीत रंगीत रेघा! म्हणजे ह्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या, आणि त्यांतील प्रमुख रेघा हायड्रोजनच्या होत्या. त्या रेघा इतक्या तेजस्वी होत्या की जान्सेनच्या मनात आले, ग्रहण सुटल्यावरही ह्या दिसावयास हरकत कोणती? दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, उघड्या सूर्याच्या काठाशी त्याने यंत्र लावले, आणि रेघा खरोखरच दिसल्या. ह्यातील मर्म साधे आहे. तांब्याभर पाणी अंगणभर पसरले, तर जमीन नुसती ओलसर होते. तेच पाणी तीन-चार वाट्यांत ओतले, तर वाट्या भरून राहतात. आकाशातील झगमगाट वर्णपटात पसरला की फिका पडतो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेघांतच साठलेला असल्यामुळे तो उठून दिसतो. शतकानुशतके ज्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागे, ते आता कोणत्याही निरभ्र दिवशी पाहता येऊ लागले.

आता ह्या कथेत एक कारकून प्रवेश करतो. नॉर्मन लॉकियर हा लंडनच्या युद्धखात्यात नोकरीस होता आणि आकाशाचा अभ्यास फावल्या वेळात करीत असे. कचेरीच्या कामात वय घालविणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. ग्रहणाविना ह्या रेघा दिसाव्यात, ही कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती. परंतु त्याने मागविलेला वर्णपटदर्शक वेळेवर तयार होईना. तो हाती आला ऑक्टोबरमध्ये, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये बसूनच लॉकियरने त्या रेघा पाहिल्या. जान्सेनचे पत्र हिंदुस्थानातून समुद्रमार्गे निघाले होते, लॉकियरचे खाडीपलीकडून. दोन्ही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचली गेली. पहिला कोण, ह्याचा तंटा माजावयास एवढे कारण पुरेसे होते. परंतु तंटा झाला नाही. १८७२ साली फ्रेंच सरकारने एक पदक पाडले आणि त्यावर दोघांच्याही मुद्रा शेजारी शेजारी उमटविल्या. विद्येच्या क्षेत्रातील असे औदार्य आपण आवर्जून आठवावे.

आता त्या पिवळ्या रेघेकडे वळू. ग्रहणाच्या वेळी ज्वालांच्या वर्णपटात अनेकांना एक पिवळी रेघ दिसली होती. बहुतेकांनी ती सोडियमची समजून पुढचे पाऊल टाकले. काहींनी सोडियमच्या जागी किंवा जागेजवळ, असे सावध शब्द वापरले. ग्रहणाच्या धांदलीत ह्याहून बारीक मोजमाप होणे कठीणच होते. लॉकियरला मात्र आता वेळच वेळ होता. त्याने मोजले, तेव्हा ही रेघ सोडियमच्या जोडरेघांवर पडत नव्हती; त्यांच्या शेजारी, किंचित दूर होती. फरक केसाएवढाच, परंतु निश्चित होता. फ्रँकलंड ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्याने त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजन नाना परींनी तापवून, दाबून पाहिला. ती रेघ काही केल्या उमटेना. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी तिचा मेळ बसेना. तेव्हा हे सूर्यावरचे नवे द्रव्य असावे, असा तर्क लॉकियरने केला, आणि सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याला 'हेलियम' हे नाव मिळाले. एडिंबरो येथे १८७१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, ह्यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. तरी बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. ज्याचा कणही कोणी पाहिला नाही, ते मूलद्रव्य कसले?

येथे आपल्या कोकणातील एका समजुतीचा उल्लेख करणे अवश्य आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. लॉकियरने तेथूनच १८६८ साली हेलियम शोधला, असे आवडीने सांगितले जाते. परंतु आपण आताच पाहिले की, त्या वर्षी तो इंग्लंडातच होता. लॉकियर विजयदुर्गला आला, हे मात्र खरे. तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी आपली यंत्रे मांडली होती. पुण्यात १८८८ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख होते. आपल्या गावाचा अभिमान कोणाला नसतो? परंतु नसलेला मान ओढून घेण्याच्या भरात खरोखर असलेला मान विसरला जातो. जमखिंडी, वनपर्ती, जेऊर ही नावे किती जणांच्या ओठी आहेत?

असो. सत्तावीस वर्षे ती रेघ नुसती नोंद होऊन पडली. मग १८९५ च्या मार्चमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झी ह्याने क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली. तो शोधीत होता आर्गॉन वायू. परंतु निघालेल्या वायूच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ झळकली. विल्यम क्रुक्सने तिची जागा मोजली. ती सूर्यातलीच रेघ होती! जे मूलद्रव्य माणसाने प्रथम सूर्यावर पाहिले, ते अशा रीतीने पृथ्वीच्या पोटात सापडले. आज रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे प्रचंड चुंबक ज्या द्रवाने गार ठेवले जातात, तो हाच हेलियम. शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअसवर तो उकळू लागतो. सूर्याचे नाव धारण करणारे द्रव्य थंडाव्यासाठी कामी यावे, हा योगायोग गमतीचाच म्हणावयाचा.

परंतु ह्या रेघेचा खरा अर्थ अद्याप कळावयाचा होता. सूर्य इतकी उष्णता आणतो कोठून? लॉर्ड केल्व्हिन ह्यांचा हिशोब असा होता की, सूर्य स्वतःच्या भाराने आकुंचन पावत असल्यामुळे तापतो. आणि ह्या हिशोबाने त्याने पृथ्वीला दहा कोटी वर्षांहून अधिक काळ प्रकाश दिला असणे संभवत नाही. उलट, खडकांचे थर व जीवसृष्टीची उत्क्रांती पाहू जाता त्याहून फार मोठा काळ लागतो, असे भूगर्भशास्त्रज्ञ आणि डार्विनचे अनुयायी म्हणत. दोन शास्त्रांच्या वह्या जुळत नव्हत्या. ह्या पेचाला वाट मिळाली १९२० साली. हायड्रोजनच्या चार अणूंचे वजन हेलियमच्या एका अणूहून किंचित अधिक भरते, हे ॲस्टनच्या मोजमापांतून दिसून आले होते. हजार भागांत सुमारे सात भागांचा तो फरक. एडिंग्टनने म्हटले की, सूर्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होत असेल, तर ही तूटच उष्णतारूपाने बाहेर पडत असली पाहिजे.

त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठातील तरुण अध्यापक मेघनाद साहा ह्यांनी आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. वर्णपटातील रेघ ठळक की पुसट, हे केवळ द्रव्याच्या प्रमाणावर नव्हे, तर तपमानावर आणि दाबावरही अवलंबून असते, हे त्यांनी गणिताने दाखविले. ह्या समीकरणाची किल्ली हाती घेऊन हार्वर्ड येथे सेसिलिया पेन ह्या तरुणीने १९२५ साली ताऱ्यांचे वर्णपट वाचले आणि तिला आढळले की, तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे व हेलियमचे बनलेले आहेत. त्या काळी सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असावी, असे सर्वमान्य मत होते. प्रिन्स्टनच्या रसेलसारख्या मातबर शास्त्रज्ञाने तिचा निष्कर्ष अशक्य ठरविला, आणि तिने आपल्या प्रबंधात हे आकडे बहुधा खरे नसावेत अशी पुस्ती जोडली. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वाटेने तेथेच येऊन पोहोचला. लॉकियरने न जुळणारी नोंद राखली, म्हणून हेलियम मिळाला. पेनची नोंद खरी असूनही वडीलधाऱ्या मताच्या दडपणाखाली झाकली गेली. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पुढे १९३८–३९ मध्ये हान्स बेथे ह्याने हायड्रोजनपासून हेलियम घडण्याच्या प्रक्रियांचे गणित सिद्ध केले. सूर्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअसच्या दाहात, दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो, आणि त्यातील चाळीस लाख टनांच्या वर द्रव्य तेजोरूप होऊन जाते. सूर्य गेली सुमारे ४६० कोटी वर्षे असा जळत आहे. त्या ग्रहणात दिसलेली पिवळी रेघ ज्या द्रव्याची होती, तेच द्रव्य सूर्याच्या यज्ञातील भस्म आहे, हे अशा रीतीने उमगले.

तरी हिशोब पुन्हा एकदा अडला. ह्या प्रक्रियेत न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निघावयास हवेत. अमेरिकेतील होमस्टेक खाणीच्या तळाशी रेमंड डेव्हिस ह्याने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ते मोजले, तो अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच! उपकरण बिघडले असेल, असे काही म्हणाले. सूर्याचे गणित चुकले असेल, असे दुसरे म्हणाले. डेव्हिस मात्र वर्षानुवर्षे मोजीत राहिला. अखेर २००१–२००२ मध्ये कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने सिद्ध केले की, न्यूट्रिनो वाटेत आपली जात पालटतात. सूर्याचे गणितही बरोबर होते आणि डेव्हिसचे मोजमापही. त्याला २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचे वय ८७ वर्षांचे होते.

ज्या पूर्व किनाऱ्यावरील प्रांतात जान्सेनने ग्रहणाविना ज्वाला पाहिल्या, त्याच किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा येथून २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताचे 'आदित्य-एल१' हे यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या नियोजित कक्षेत स्थिरावले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेत घडली. दुसऱ्या एका उपकरणात सूर्यबिंब तबकडीने झाकून त्याभोवतीचे प्रभामंडल पाहण्याची सोय आहे. ते बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे. ह्या संस्थेची परंपरा कोडाईकनालमार्गे थेट त्या मद्रास वेधशाळेपर्यंत पोहोचते, जेथे रघुनाथाचारींनी आपली निरीक्षणे केली. आता यंत्राला हवे तेव्हा स्वतःच ग्रहण घडविता येते.

प्रभामंडल सूर्याच्या पृष्ठभागाहून शेकडो पटींनी तप्त कसे, हा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही. चुलीपासून दूर जावे तो ऊब वाढत जावी, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणजे वहीत न जुळणारी एक रक्कम अजून शिल्लक आहे. ती खोडून टाकण्याचा मोह न होता, कोणीतरी ती जपून ठेवील आणि पुन्हा पुन्हा मोजीत राहील, तोवर सूर्य आपणांस नवे काही सांगतच राहील.